चौदा रात्री

"सर, मॅडमचा पासपोर्ट व्हिसा लागून आलाय, घेऊन जाता का?" असं फोनवर एक मुलगी म्हणाली तेव्हा मी डोळे टेकायच्या खोलीत बसलो होतो. आमच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीवरच्या माणसाला दर अर्ध्या तासाला दहा मिनिटं या खोलीत बसावंच लागतं. भिंती फिकट हिरव्या, खिडकी नाही, वाचायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं हिरव्याकडे बघत बसायचं, म्हणजे काचेनं थकलेले डोळे परत कामाला लागतात. फोनही घ्यायचा नसतो. पण तो खिशात दुसऱ्यांदा थरथरला आणि मी घेतला. ट्रॅव्हल कंपनीचं ऑफिस होतं. मॅडम फोन उचलत नाहीत म्हणून फॉर्मवरच्या दुसऱ्या नंबरवर केला, म्हणाली. मॅडम म्हणजे माझी बायको. तिच्या कारखान्यात, कापड कापायच्या विभागात, यंत्रांच्या घरघरीत फोन ऐकू येत नाही हे मला ठाऊक आहे. मी म्हटलं, "बरं. आणि माझा?" पलीकडे कीबोर्डची टकटक झाली, थांबली, पुन्हा झाली. "सर, तुमचा अर्जच नाहीये आमच्याकडे." मी म्हटलं, "नीट बघा." तिनं नीट बघितलं. "एकच अर्ज आहे सर. तिकीटही एकच. परवा रात्रीचं." मग तिलाही काहीतरी कळलं असावं, कारण ती घाईघाईनं म्हणाली की आमचं ऑफिस सात वाजेपर्यंत उघडं असतं.

दहा मिनिटं संपली, मी लायनीवर जाऊन बसलो. समोर पांढऱ्या उजेडाचा पडदा, त्याच्यापुढून बाटल्या जातात, मिनिटाला ऐंशी. बुडबुडा, चीर, पातळ मान, वाकडं बूड. दिसली की उचलायची आणि मागच्या पिंपात टाकायची, तिथं ती फुटते. कारण कुणाला सांगायचं नाही, कुणी विचारतही नाही. अठ्ठावीस वर्षं मी हे करतोय आणि कारखान्यात मला दुर्बीण म्हणतात, तोंडावर म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. शेजारी बसतो तो पेंगण्या, त्याच्या नावातच सगळं आलं. त्या दुपारी पेंगण्यानं माझ्या पुढून सुटलेल्या तीन बाटल्या उचलल्या. माझ्या पुढून सुटलेल्या! "काय दुर्बीण, काच पुसायला झाली का?" म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बाटल्या जात होत्या आणि मला त्यांच्यात काहीच दिसत नव्हतं, सगळ्या सारख्या, सगळ्या चांगल्या, आणि मला दरदरून घाम फुटला. सगळं चांगलं दिसायला लागणं यासारखी भीती आमच्या धंद्यात दुसरी नाही. एकच तिकीट. विसरली म्हणावं तर ती विसरणारी बाई नव्हे. मग ठरवून. पण कधी ठरवलं? तेव्हा मी कुठे होतो? मी तर रोज तिथेच होतो, त्या टेबलापाशी, रोज संध्याकाळी, चष्मा लावून.

दोन वर्षांपूर्वी तिनं पहिल्यांदा युरोप म्हटलं तेव्हा मी जेवत होतो. "दोन आठवडे जाऊया का हो? सहा-सात शहरं होतील." मी म्हटलं, "आधी नीट आखून दाखव." मी हे सहज बोललो होतो, पण तिनं ते मनावर घेतलं. ती गणवेशांच्या कारखान्यात कापड कापते, नर्सांचे, हॉटेलातल्या पोऱ्यांचे, पहारेकऱ्यांचे, एका वेळी चाळीस थर. तिथला खाकी कागद ती घरी घेऊन आली, टेबलभर पसरला, आणि त्यावर टाचण्या टोचून शहरं मांडली. दोन टाचण्यांच्या मधे खडूची रेघ म्हणजे आगगाडी, तुटक रेघ म्हणजे बस. प्रत्येक टाचणीला चिठ्ठी, चिठ्ठीवर किती वाजता पोचायचं, कुठे राहायचं, काय बघायचं. पहिल्या दिवशी शहरांची नावं लिहिली होती. मी सातातली चार चुकीची लिहिलेली दाखवून दिली. त्यानंतर तिनं नावं लिहिणंच सोडलं. कालव्यांचं, मनोऱ्याचं, पुलांचं, जुन्या घड्याळाचं, असं काहीतरी लिहायची. मी म्हटलं, "हे काय बालवाडीतलं?" ती म्हणाली, "मला कळतं ना, झालं तर." आणि मग मी रेघा तपासायला बसलो.

काय सांगू, असं सुख मला आयुष्यात दुसऱ्या कशानं दिलं नाही. कामावरून यायचं, हातपाय धुवायचे, चष्मा लावायचा आणि खाकी कागदावर वाकायचं. ती समोर उभी राहायची, हात पाठीमागे बांधून, शाळेतल्यासारखी. मी मुद्दाम वेळ लावायचो. चूक पहिल्या मिनिटात दिसलेली असायची, पण मी बोट कडेकडेनं फिरवायचो, त्या जागेवर थांबायचो, पुढे जायचो, परत यायचो, आणि तिनं श्वास रोखलेला ऐकायचो. मग म्हणायचो, "सोमवारी संग्रहालय बंद असतं." किंवा, "अकरा मिनिटांत गाडी बदलणार तू? या गुडघ्यांनी?" किंवा, "नदी डाव्या हाताला आहे म्हणतेस आणि हॉटेल उजव्या. पोहत जायचं का?" ती म्हणायची, "अगंबाई, खरंच की." आणि टाचणी उपटायची. एक टाचणी उपटली की पुढच्या सगळ्या उपटाव्या लागतात, कारण एक दिवस सरकला की सगळे सरकतात. ते टक टक टक काढणं बघत मी जेवायचो आणि जेवण अंगी लागायचं. रविवारी तिनं कागद पसरला नाही तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. जायचं की नाही हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आलाच नाही. एकही खोट नसलेला कागद तिनं पुढे ठेवला की जाऊ, एवढं सरळ होतं ते. आणि तसा कागद तिच्याच्यानं होणार नाही हेही सरळच होतं.

दोन आठवड्यांपूर्वी तिनं प्रवासाची बॅग आणली, निळी, चाकांची. मी ती घरभर ओढून बघितली आणि म्हटलं, मागचं डावं चाक करकरतंय. ती दुकानात गेली आणि बदलून आणली. आता उजेडासमोर बसून मला ती बॅग दिसत होती. एकच बॅग होती. मी चाक बघितलं.

पाचची घंटा झाली. मी बसनं ट्रॅव्हलच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरची मुलगी माझ्या मुलीपेक्षा लहान, कामावर नवीन, हे तिच्या सह्या घेण्याच्या पद्धतीवरूनच कळत होतं. कुठे करायची ते दाखवताना तिचं बोट चुकत होतं. "मॅडम एकट्या जाताहेत, किती धाडस ना सर," ती म्हणाली. मी म्हटलं, "हो, मीच म्हटलं जाऊन ये." हे वाक्य तोंडातून निघालं कसं, मला कळलं नाही. खोटं बोलायची मला सवय नाही, गरजच पडत नाही, खऱ्यानंच माणसं पुरेशी दुखावतात. तिनं पाकीट दिलं. बसमधे खिडकीशी बसून मी पासपोर्ट उघडला आणि सवयीनं आधी व्हिसाच तपासला. नाव बरोबर. जन्मतारीख बरोबर. तारखा पुढेमागे सैल, मुक्कामाचे दिवस चौदा. फोटो बरोबर. फोटोत ती सरळ माझ्याकडे बघत होती आणि तिचे दोन्ही खांदे एका रेषेत होते.

खांद्याची गोष्ट सांगायलाच हवी. लग्न ठरण्याआधी आम्ही दोघं एका बागेत भेटलो होतो, मोठी माणसं जरा लांब बाकावर. ती उठून माझ्यासमोर चालत आली आणि मी म्हटलं, "तुमचा डावा खांदा उतरलेला आहे." मला वाटलं ती रडेल किंवा निघून जाईल. ती म्हणाली, "हो? माझ्या कधी लक्षातच आलं नाही." आणि लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिनं आपल्या सगळ्या कपड्यांना डाव्या खांद्यात गादी शिवून घेतली. सव्वीस वर्षं. धुताना ती गादी उसवते, वाळल्यावर परत टाचते. आमची मुलगी लहान असताना विचारायची, आईच्या खांद्यात काय आहे. मी सांगायचो, चूक. मुलगी तेव्हा हसायची. नंतर एकदा, आठ वर्षांची असेल, तिनं घोड्याचं चित्र काढून आणलं. मी म्हटलं, पाय पाच झालेत. खरंच पाच होते, त्यात माझं काय चुकलं? तिनं चित्र परत घेतलं, मोजलं, आणि काही न बोलता फाडून टाकलं. त्यानंतर तिनं मला काही दाखवलं नाही. ना प्रगतिपुस्तक, ना नवरा. नवरा तर लग्न लागल्यावर आणून उभा केला. मी त्याच्याकडे बघितलं तर ती म्हणाली, "बाबा, काही बोलू नका, प्लीज." मी बोललो नाही. एक दात वाकडा होता.

घरी पोचलो तर ती टेबलापाशी उभी होती. टेबलावर खाकी कागद नव्हता. इतक्या दिवसांनी लाकूड दिसलं आणि त्यावर टाचण्यांची भोकंच भोकं. "आज उशीर झाला?" ती म्हणाली.

"जरा काम होतं."

तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग खिशाकडे. तिच्या लक्षात आलंय हे माझ्या लक्षात आलं आणि मी मुद्दाम चपला काढायला वेळ लावला.

"तुम्हाला फोन आला होता का?"

"कुणाचा?"

"ऑफिसातून."

"कुठल्या ऑफिसातून? माझ्या, का तुझ्या?"

मला मजा येत होती हे कबूल करतो. तिनं खुर्ची ओढली आणि बसली. ती माझ्यासमोर बसत नसे, उभी राहत असे. "पासपोर्ट तुमच्याकडे आहे," ती म्हणाली.

"असेल."

"मी आज सांगणारच होते. जेवण झाल्यावर."

"का? विमानातून हात हलवून सांगायचं होतंस की! मी गच्चीत उभा राहिलो असतो." माझा आवाज चढला. "दोन वर्षं! दोन वर्षं मी त्या कागदावर डोळे फोडले. आणि तू माझा अर्जसुद्धा करत नाहीस?"

"तुम्हाला कुठे यायचं होतं हो," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना. "तुम्हाला तपासायचं होतं. यायचं असतं तर एकदा तरी विचारलं असतंत, तिथे थंडी किती असते, बरोबर काय न्यायचं. एकदा तरी."

"तू चुका करायचीस म्हणून मी..."

"त्या मी घालायचे."

मला आधी कळलंच नाही. ती टेबलावरच्या भोकांवरून बोट फिरवत होती. "पहिले दोन-तीन महिने खऱ्या होत्या. नंतर मला यायला लागलं. एकदा एका संध्याकाळी तुम्हाला काहीच सापडलं नाही, आठवतंय? तुम्ही ताट सरकवलंत आणि जेवला नाहीत. दुसऱ्या दिवशीही धड बोलला नाहीत. मग मी रोज एक घालायला लागले. फार सोपी घातली तर तुम्ही चिडायचा, म्हणून जरा शोधायला लागेल अशी. सोमवारचं संग्रहालय, नदी इकडची तिकडे. त्याचाच विचार करायचे मी दिवसभर, कापता कापता, की आज काय घालावं. आणि खरा कागद कामावर ठेवायचे, माझ्या कपाटात."

आमच्याकडे एक पद्धत आहे. महिन्यातून एकदा, कधी ते कुणाला माहीत नसतं, साहेब लायनीवर एक खोटी बाटली सोडतात. मुद्दाम बिघडवलेली, बुडाला लाल ठिपका असलेली. तपासनीस जागा आहे की पेंगतोय ते बघायला. ती उचललीत की वहीत बरोबरची खूण, सुटली की ताकिदीची चिठ्ठी. अठ्ठावीस वर्षांत माझी एकही सुटलेली नाही, या एका गोष्टीचा मला अभिमान आहे. आणि इथे माझ्याच घरात दीड-पावणेदोन वर्षं रोज माझ्यापुढून खोट्या बाटल्या सोडल्या गेल्या आणि मी त्या एकूण एक उचलल्या, बोट कडेकडेनं फिरवत, वेळ लावत, तिचा श्वास ऐकत. ती श्वास कशासाठी रोखायची ते आता कळलं. लहान मुलाला लपाछपीत आपण सापडू देतो तसं तिनं मला सापडू दिलं होतं. कान तापले. वाटलं, खिशातला पासपोर्ट काढावा आणि चार तुकडे करावेत, तिच्यासमोर, सावकाश. हात खिशात गेलाही. पण तोंडातून वेगळंच निघालं. "फोटोत खांदा बरा सरळ आलाय. कसा काय जमवलास?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, लागलं. "गादी काढून गेले होते," ती म्हणाली. "फोटोवाल्याला म्हटलं, माझा डावा खांदा उतरलेला आहे, जरा सांभाळून घ्या. त्यानं दोनदा बघितलं. म्हणाला, बाई, कुठे? मग घरी येऊन आरशात बघितलं. मग लेकीला विचारलं. मग कामावर टेप घेऊन मापच घ्यायला लावलं. दोन्ही सारखे आहेत हो. सुतानं सारखे." आणि ती हसली. खरंच हसली, दुष्टपणानं नाही, एखादी गंमत सांगावी तशी. "सव्वीस वर्षं गाद्या शिवल्या मी!"

मी पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. का, ते मला सांगता येणार नाही. बहुधा हात थकला. तिनं तो पटकन ओढून घेतला नाही, तिथेच राहू दिला. शेजारच्या घरात कुणीतरी भांडी लावत होतं. बागेतली ती मला आठवत होती, समोरून चालत येणारी, आणि मी तिच्या खांद्याकडे बघतोय. तेव्हा उतरलेला होता. मी बघितला होता. का मला काहीतरी बोलायचं होतं आणि दुसरं काही सुचलं नाही? माणसाला समोरून येणारी मुलगी आवडली तर तो काय बोलतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मला खोट दिसली की बोलता यायचं, नाहीतर तोंडाला कुलूप.

मग ती उठली, आत गेली आणि एक निळी फाइल घेऊन आली. माझ्यासमोर ठेवली आणि उभी राहिली, हात पाठीमागे बांधून. "एकदा बघाल?"

मी म्हटलं, "कशाला? घातली असशील एखादी."

"यात नाही घातली. खरंच नाही." तिचा आवाज आता बारीक झाला होता. "आतापर्यंत धीटपणानं केलं सगळं, पण परवा निघायचं म्हटल्यावर धीर होत नाहीये. मी एकटी कधी पलीकडच्या गावालासुद्धा गेले नाहीये. तिथे काही चुकलं तर कुणाला विचारू? भाषा येत नाही. तुम्ही रागावलाय, रागवा. पण तुमच्या डोळ्याखालून गेलं नाही तर मला विमानात झोप यायची नाही."

मी चष्मा लावला. पहिलं पान, दुसरं पान. सगळं हातानं लिहिलेलं, कापणीच्या खडूसारखं बारीक, सरळ. कालव्यांच्या शहरात तीन मुक्काम, कारण पहिले दोन दिवस झोपेचं गणित बिघडतं. स्टेशनापासून हॉटेल चालत सात मिनिटं, गुडघ्यांसाठी दहा लिहिलेली. गाडी बदलायला प्रत्येक ठिकाणी पाऊण तास. सोमवारी बाग, मंगळवारी संग्रहालय. जुन्या घड्याळाच्या गावात एक सबंध दुपार कोरी सोडलेली, आणि पुढे लिहिलेलं, "नुसतं बसणे." मी पान पान उलटत गेलो आणि मला खोट सापडेना. इतका सुंदर कागद मी माझ्या उभ्या आयुष्यात बघितला नाही. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. त्या कोऱ्या दुपारी तिच्या शेजारी आपण बसलेलं असायला हवं होतं असं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी वाटलं की तिथे बसून मी घड्याळ किती मिनिटं मागे आहे ते सांगितलं असतं. तिलाही ते माहीत होतं. म्हणून तर एक तिकीट.

तिकीट शेवटी होतं. तीन तारखेला सकाळी विमान उतरणार, सतरा तारखेला संध्याकाळी परत निघणार. मी तिकीट उलटं ठेवलं आणि मग पुन्हा सरळ केलं. तीन ते सतरा. टेबलाखाली बोटांवर मोजलं. तीन धरून, सतरा धरून, पंधरा. पासपोर्ट उघडला. मुक्कामाचे दिवस, चौदा. आलेला दिवस धरतात आणि गेलेला दिवसही धरतात, हे मला माहीत होतं, नियमांची पुस्तिका मी दोनदा वाचली होती.

आणि हे कुठून आलं तेही मला तिथल्या तिथे समजलं. अगदी सुरुवातीच्या दिवसांत ती दिवस मोजायची. पहिला दिवस, दुसरा दिवस, पंधरावा दिवस. मी तिच्यावर एवढा ओरडलो होतो की शेजाऱ्यांनी खिडकी लावली. "अगं बावळट, हॉटेलं रात्रींवर असतात! प्रवास रात्रींनी मोजायचा! दिवस मोजतेस तर एक खोली जास्त धरशील आणि बसशील बोंबलत!" तिच्याकडून मी शंभर वेळा घोकून घेतलं होतं. किती? चौदा. किती? चौदा. तिच्या डोक्यात ते इतकं बसलं की अर्जावर किती दिवस राहणार असं विचारल्यावर तिनं चौदाच लिहिलं, आणि काउंटरवरच्या त्या नवीन मुलीनं तसंच टाइप केलं. सगळ्या कागदांतला तो अर्ज तेवढा तिनं मला दाखवला नव्हता. या प्रवासातली तिची एकुलती एक खरी चूक, आणि ती माझी.

सुधारायला काही लागणार नव्हतं. ऑफिस सकाळी उघडतं. एक फोन, परतीचं तिकीट एक दिवस आधी, शेवटच्या हॉटेलला एक निरोप. नाही सुधारलं तर काय होईल तेही मला स्वच्छ दिसत होतं. चौदा दिवस काही नाही. चौदा दिवस ती हिंडेल, कोऱ्या दुपारी नुसती बसेल, कुणालाही न विचारता सरळ खांद्यानं चालेल. मग शेवटच्या संध्याकाळी, शेवटच्या काउंटरवर, एक माणूस शिक्के मोजेल आणि मान वर करेल. बाजूला उभं राहा म्हणेल. माणसं तिच्याकडे बघत पुढे जातील. दुसऱ्या खोलीत नेतील, तिला कळणार नाही ते काय विचारताहेत, ती पुन्हा पुन्हा फाइल पुढे करेल, सगळं बरोबर आहे हो, बघा ना, सगळं बरोबर आहे. दंड होईल, पासपोर्टावर शेरा बसेल, पुन्हा कधी जाता यायचं नाही. विमान सुटेलही कदाचित. आणि ती मला फोन करेल. रडत मला फोन करेल, कारण दुसरं कुणाला करणार?

"काय हो?" ती म्हणाली. तिनं श्वास रोखला होता. या वेळी खरा.

मी चष्मा काढला, पुसला, घडी घातली. फाइल बंद केली.

"काही चूक नाही," मी म्हटलं.

तिचे हात पाठीमागून सुटून पुढे आले आणि तिला ते कुठे ठेवावेत कळेना. "परत म्हणा," ती म्हणाली.

"काही चूक नाही. उत्तम केलंयस."

तिनं तोंडावर हात धरला आणि रडायला लागली. मी तिला कधी असं रडताना बघितलं नव्हतं, आवाज करून, खांदे हलवत. दोन्ही खांदे सारखे हलत होते. मग ती माझ्या खुर्चीपाशी आली आणि तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला, किती वर्षांनी. म्हणाली, "मी तुमचा अर्ज करायला हवा होता. चुकलंच माझं. मी तुम्हाला ओळखलंच नाही." मी म्हटलं, "असू दे." ती म्हणाली, "पुढच्या वर्षी दोघं जाऊ. हाच कागद घेऊन जाऊ, अगदी असाच." मी मान हलवली. मग तिला राहवेना, डोळे पुसता पुसता तिनं मुलीला फोन लावला. "अगं, बाबांनी बघितलं सगळं! काय म्हणाले सांगू? काही चूक नाही म्हणाले! नाही गं, खरंच, दोनदा म्हणाले! थांब, देते." आणि फोन माझ्या हातात दिला.

मुलीशी शेवटचं कधी बोललो ते मला आठवेना. "बाबा," ती म्हणाली. "मला फार काळजी होती हो आईची. एकटी जातेय, काहीतरी राहून गेलं असेल, कुठेतरी अडकेल. दोन रात्री झोपले नाहीये मी. पण आता नाही. तुम्ही बघितलंय म्हणजे झालं."

बायको समोर उभी राहून ओल्या डोळ्यांनी हसत होती आणि मी काय बोलतोय त्याची वाट बघत होती.

"हो," मी म्हटलं. "मी बघितलंय."